राजा येऊन राहिला का

टेकचंदला काहीही दाखवलं की तो आधी नाकातून हवा सोडी, मग मान थोडी तिरकी करी आणि म्हणे, "याच्यात काय आहे गा?" मुंबईच्या धक्क्यावर आम्ही जहाजाची वाट पाहत उभे होतो. मी गोंदियाचा, समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यावरून नजर निघत नव्हती. टेकचंदने ओंजळभर पाणी चाखलं, थुंकलं आणि निकाल दिला, "एवढं पानी आन् धानाची एक बांधी पिकत नाही याच्यावर. आमची बोडी बरी." त्याची ती बोडी मी पुढे पाहिली. उन्हाळ्यात त्या तळ्यात म्हशीची पाठसुद्धा भिजत नसे.

लढाई संपली होती आणि आमची तुकडी जपानात पहाऱ्याला चालली होती. आम्ही दोघे रसदीच्या गोदामात कारकून. मला तो सुरुवातीपासून आवडला नाही आणि मी ते लपवलंही नाही. मात्र एवढ्या लांब आपल्याकडची बोली बोलणारा तो एकटाच, त्यामुळे रोज संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसणं नशिबी आलं. जपानी बाया दोरी लावून सरळ रेषेत भात लावताना दिसल्या, तर हा बांधावर उभा राहून म्हणतो, "असा रोवना असते का? धान आहे का पलटन?" त्या बिचाऱ्या हसून मान लववत आणि याला वाटे, आपलं म्हणणं पटलं.

जग मोजायला त्याच्याजवळ माप एकच होतं: आमगावजवळची त्याच्या बापाची भातगिरणी. लोक तिथे धान आणीत, ते हौदात उकडून मोठ्या फरशीवर वाळवीत आणि उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करून नेत. जहाजाची शिटी झाली की हा म्हणे, "आमच्या गिरनीचा भोंगा आमगाव टेसनावर ऐकू येते." डोंगर दिसला की गिरणीचं धुरांडं निघे. खरी गोष्ट अशी की त्या गिरणीत त्याला कुणी विचारत नव्हतं. बापाशी भांडून तो फौजेत शिरला होता. निघताना बाप स्टेशनवर म्हणाला होता, "जिता परत ये. मंग गिरनी तुयी." हे तो आम्हाला उठल्याबसल्या ऐकवी. तेवढ्या एका शब्दावर हा माणूस सगळ्या दुनियेकडे नाक वर करून पाहत होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

एका रविवारी आम्ही चारपाचजण ओकायामाचा किल्ला पाहायला गेलो. गोदामात दुभाष्याचं काम करणारा एक जपानी मास्तर बरोबर होता. त्याला तोडकंमोडकं इंग्रजी येई. किल्ला म्हणजे नदीकाठचा एक दगडी चौथरा उरला होता. वरचा लाकडी मनोरा लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात बाँबच्या आगीत जळून गेला होता आणि दगड अजून करपलेले दिसत होते. त्या रिकाम्या चौथऱ्यावर एक म्हातारा बांबूच्या खराट्याने झाडत होता. वारा सुटला होता. झाडलेली पानं पुन्हा त्याच्या पायाशी येत आणि तो पुन्हा तीच झाडी. मास्तरने सांगितलं, हा पूर्वी मनोऱ्याची देखभाल करायचा. आता त्याला कुणी सांगत नाही, तरी रोज येतो.

टेकचंदने नाकातून हवा सोडली. "काऊन झाडून राहिला गा हा? राजा येऊन राहिला का?"

सगळे हसले. काय म्हणाले म्हणून मास्तरने मला विचारलं. किल्ला आवडला म्हणतात, असं मी सांगितलं. त्याने ते म्हाताऱ्याला सांगितलं आणि म्हातारा टेकचंदपुढे कमरेत वाकला. टेकचंद मात्र चिखलाचे बूट घेऊन झाडलेल्या जागेवरून आरपार चालत गेला, पलीकडे नदीत थुंकला आणि तसाच परत आला.  म्हातारा त्याच्या बुटांमागून पुन्हा झाडत आला.

मला त्या दिवशी टेकचंदची किळस आली. त्याला तर तो मोठा विनोद वाटला. पुढे हिवाळाभर बराकीत तो कमरेत वाकून, हातात काल्पनिक खराटा धरून म्हाताऱ्याची नक्कल करी आणि शेवटी ते वाक्य म्हणे. लोक हसत. मी मनाशी खूणगाठ बांधली, हे वाक्य याला एक दिवस याच्याच तोंडावर परत करायचं. अशा माणसाची वेळ येतेच.

ती लवकर आली. सत्तेचाळीसचा पावसाळा सरता सरता आम्ही परतलो. गोंदियाला मी उतरलो, तो पुढे आमगावला गेला. उतरताना म्हणाला, "ये गा एकदा गिरनीवर. मंग समजंल तुले किल्ला कशाले म्हंतेत." आठ दिवसांनी बाजारात एका धानाच्या व्यापाऱ्याने सांगितलं, "वो आमगाव वाली मिल तो राख हो गई, भैया." आम्ही बोटीवर असतानाच हे घडलं होतं. कोंड्याची आग आतल्या आत धुमसते, बाहेरून कळत नाही. कळली तेव्हा बाप इंजिन वाचवायला आत शिरला, तो बाहेर आलाच नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे गिरणी टेकचंदची झाली होती.

दिवाळीनंतर नवं धान निघालं तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. वाक्य जिभेवर तयार होतं. आमच्याकडे गाडीवानांची एक रीत आहे: गिरणी चालू की बंद, हे ते कुणाला विचारत नाहीत. रस्त्यावरूनच वाळवणाची फरशी पाहतात. झाडलेली असली तरच बैल वळवतात. टेकचंदच्या गिरणीचं काही उरलं नव्हतं. इंजिनाचा दगडी ओटा होता, काळा पडलेला, आणि समोर ती फरशी. फरशी लख्ख होती. टेकचंद खराटा घेऊन झाडत होता. गाडीवान फरशीकडे पाहत, मग ओट्याकडे पाहत आणि पुढच्या गिरणीकडे निघून जात.

मी फरशीच्या काठाशी आलो. त्याने पाहिलं, पण माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे. मी जोडे काढले.

"विचार ना गा," तो म्हणाला. "काऊन झाडून राहिलो म्हून. राजा येऊन राहिला का म्हून. त्याच्यासाठीच आला ना?"

इतके महिने सांभाळलेलं वाक्य त्याने माझ्या आधीच म्हणून टाकलं होतं.  बाबांचं ऐकलं, वाईट झालं, एवढं कसंबसं म्हणालो.

"बाप म्हने, फरशी झाडली का लक्षुमीले रस्ता दिसते."  मग त्याने नाकातून हवा सोडली, अगदी पूर्वीसारखी. "किल्ल्यावरच्या त्या बुढ्याले झाडताच येत नव्हतं. वाऱ्याच्या उलट झाडे येडा."

आणि तो पुन्हा झाडू लागला. मी पाहिलं, वाऱ्याकडे त्याची पाठ होती.