उज्ज्वलाताईंचे अंगठे

चष्मा कपाळावर सरकवून तोच घरभर शोधणाऱ्या माझ्या मंडळींनो, आधी तो खाली ओढा आणि मग वाचायला घ्या. उज्ज्वलाताई दिघे म्हणजे नक्की कोण, असं तुमच्यातले निम्मे आत्ता एकमेकांना विचारत असणार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण राहिलं बाजूला, "ताई, इथं मानेत बघा ना जरा" म्हणत ज्यांच्याकडे तुम्ही पाठ करून बसायचात, त्याच त्या. पाठ करून बसल्यामुळे चेहरा लक्षात राहिला नसेल, तेही खरंच.

त्यांना यंदा साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून मंडळानं हा गौरव अंक काढला आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी नात मुक्ता लिहून घेते. तिनं सुरुवातीलाच बजावलं, "आजी, अंकात 'ती उज्ज्वला' नाही चालणार हां. 'त्या' म्हणायचं." बरं बाई. जिला मी आयुष्यभर 'अगं' म्हटलं, त्या आजपासून 'त्या'. साठ वर्षांत माणसाला एवढं तरी मिळायलाच हवं.

पण आनंदानं सांगतेय असं समजू नका. आग विझवणाऱ्यांचे आणि अँब्युलन्सवाल्यांचे आखडलेले खांदे ज्या हातांनी मोकळे केले, त्या हातांचे दोन्ही अंगठे आता कामातून गेले आहेत. दिवाळीनंतर उजव्या हाताचं ऑपरेशन आहे. सत्काराची शाल आपण बाहेर काढली ती कधी, तर ती सावरून घ्यायलाही त्यांना दुसऱ्याचा हात लागतो तेव्हा.

आमची ओळख दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमधली. आम्ही खाली, त्या वर. त्या काळी तिथून आर. के. पुरमपर्यंत कुठल्याही मराठी घरात बाळ झालं की न्हाऊमाखू घालायला मला बोलावणं यायचं. एका सकाळी ह्या जिन्यात उभ्या. खात्यातली चांगली नोकरी, केस विंचरलेले नाहीत, हातात लालबुंद झालेलं पोर.

"काकू, हा भुकेनं रडतोय का?"

"भांडतोय तो तुझ्याशी. आण इकडे."

मी पाय पसरून बसले, पोराला पायांवर घेतलं, कोमट तेलाचा हात फिरवला. पोर गप्प. ह्या मात्र रडायला लागल्या. मग रोज ऑफिसला जायच्या आधी खाली येऊन बसायच्या आणि बघायच्या. थोड्याच दिवसांत मला म्हणाल्या, "काकू, आज तुम्ही चहा प्या, मी चोळते." हात असा बसला होता की मी दोन कप चहा प्याले.

मुलगा मोठा झाल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, मसाज थेरपीचा रीतसर कोर्स केला आणि नोएडाला राहायला गेल्या. "सरकारी खुर्ची सोडून मालीश?" असं आपल्याच मंडळात कोण कोण म्हणालं, ते मला पाठ आहे. अक्षर येत नसलं की असं सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. घाबरू नका, नावं घेत नाही.

नोएडात कंप्युटरवाल्यांच्या आखडलेल्या माना भरपूर. उज्ज्वलाताईंचं क्लिनिक बरं चाललं होतं. मग त्यांच्या सोसायटीत एका फ्लॅटला आग लागली. माणसं सगळी सुखरूप निघाली. बंब आला, आग विझली, लोकांनी एकमेकांना चहा दिला. बंबावरचा एक जवान पायरीवर बसून राहिला होता. डोक्यावरचं हेल्मेट काढायला हात वर जाईना. बघितलं ते उज्ज्वलाताईंनी. त्यांनी पुढे होऊन हेल्मेट उतरवलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कब से है ये?"

तो म्हणाला, "ड्यूटी में कौन गिनता है, माताजी?"

हा हरियाणाचा सतबीर. पुढच्याच आठवड्यात उज्ज्वलाताई त्याच्या अग्निशमन केंद्रावर जाऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मंगळवारची दुपार, एक खुर्ची, एक पंखा, एवढंच मागितलं. साहेबांना वाटलं, बाई काहीतरी विकायला आल्या आहेत. पटायला वेळ लागला, पण जागा मिळाली. शेजारीच अँब्युलन्स उभ्या असत. स्ट्रेचर उचलून उचलून कमरेत उसण भरलेली ती माणसंही येऊ लागली.

("आजी, उसण म्हणजे?" इति मुक्ता. दिल्लीतल्या पोरांना उसण भरते, शब्द तेवढा माहीत नाही. अगं, पाठीत एकदम धरतं ना, ती.)

खांद्यांना कोणाची हरकत नव्हती. अडलं ते पायांपाशी. ते जड बूट दिवसभर घालून पोटऱ्यांत गोळे येत, पण एकही जण पाय पुढे करेना. आईच्या वयाच्या बाईनं पायाला हात लावायचा? "ना माताजी, पाप लगेगा." दोन मंगळवार पाय तसेच परत गेले. त्या माझ्याकडे येऊन हिरमुसून बसल्या.

मी म्हटलं, "त्यांना विचार, तुझ्या आईनं तुला पायांवर घेऊन चोळला, तेव्हा पाप कुणाला लागलं? तिला की तुला?"

हे त्यांनी हिंदीत विचारलं. सतबीरनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "माँ की याद दिला दी," आणि बूट काढला.

आणि इथंच चूक झाली. आमच्यासारख्याच बायका करतील अशी चूक. पाय मिळाले म्हणून उज्ज्वलाताई हरखल्या आणि पुढच्या वेळी तिळाचं तेल कोमट करून घेऊन गेल्या. बाळाला चोळावं तसं त्यांनी सतबीरला पोटरीपासून तळहातापर्यंत चोळलं. तेवढ्यात घंटा झाली. तो बूट चढवून धावला, बंबावर चढायला दांडा धरला आणि तेलकट हात सटकला. सिमेंटवर पडला, मनगट मोडलं. बंब त्याच्यावाचून गेला. नशीब, कचऱ्याची आग होती.

साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माताजी, हमारे काम में पकड़ ही सब कुछ है. अब मत आइए."

दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं. उज्ज्वलाताई प्लास्टर निघेपर्यंत सतबीरच्या घरी डबा पोचवत राहिल्या. मग एका मंगळवारी पुन्हा केंद्राच्या दारात गेल्या आणि रिकामे हात उलटेसुलटे करून साहेबांना दाखवले. यापुढे तेलाचा थेंब नाही, म्हणाल्या, मनगटाच्या खाली हात लावणार नाही, वर्दी उतरवायची नाही आणि एका वेळी एकच बूट काढायचा. साहेबांनी खुर्ची पुन्हा मांडून दिली.

त्या खोलीत काय चाले, ते मी एकदा जाऊन पाहिलं आहे. अँब्युलन्सवरचा एक जाडजूड मिशीवाला खुर्चीत बसला होता. पाठीच्या मधोमध हात पोचला आणि त्याचे खांदे हलायला लागले. उज्ज्वलाताई शांतपणे बाकीच्यांना म्हणाल्या, "अरे, पंखा तेज करो, कितनी गरमी है." पंखा खडखडायला लागला आणि त्या आवाजात तो माणूस रडून घेऊ शकला. हवा थंडीची होती. एकानंही तक्रार केली नाही. शाली लपेटून बसले सगळे. मला वाटतं, त्या खोलीतला पंखा वर्षभर तसाच फिरत असणार.

पण जाड वर्दीवरून, तेलाशिवाय चोळायचं म्हणजे तळहात सरकत नाही. आत पोचतो तो फक्त अंगठा. मी कितीदा सांगितलं, "अगं, तळहाताची टाच वापर, कोपर वापर, अंगठ्याला बसू दे जरा."

"काकू, गाठ अंगठ्यालाच सापडते."

"आणि अंगठा गेल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

आधी सकाळी अंगठे ताठ व्हायला लागले. मग कंगवा हातातून पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, मुळाशी सांधा झिजलाय, काम बंद करा. ह्यांनी बंद काय केलं, तर क्लिनिक. कंप्युटरवाल्यांना दुसरं कोणी मिळेल म्हणाल्या, मंगळवारवाल्यांना कोण? दोन्ही अंगठ्यांना पट्टे बांधून जात राहिल्या. एका हिवाळ्यात कारखान्याची मोठी आग झाली. माणसं दिवसचे दिवस थकून येत होती आणि त्या मंगळवारची वाट न बघता रोज जायला लागल्या. त्या आठवड्यानं हात संपवले.

काम बंद पडल्यावर सतबीर दोघा-तिघांना घेऊन त्यांच्या घरी आला. मीही होते. उज्ज्वलाताई चहाला उठल्या, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि ते ओट्यावर परत टेकवलं. सतबीर उठला. त्यानं चहा केला, ओतला, त्यांच्यापुढे खाली बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचा हात कोणाला धरू दिला नव्हता. तो अंगठ्यानं दाबायला लागला.

"अंगूठा नहीं, सतबीर. हथेली से," त्या म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. हेच मी घसा कोरडा करून सांगत होते, ते त्या आता दुसऱ्याला सांगत होत्या.

आता त्या मंगळवारी केंद्रावर खुर्चीत बसतात आणि जवानांना एकमेकांचे खांदे चोळायला शिकवतात. जवान लाजतात, हसतात, एकमेकांना गुदगुल्या करतात. दोघं नीट शिकले होते, त्यांची बदली झाली. सतबीर शिकला, तो पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी जातोय. तेव्हा हे काम पुढे चालेल असं खोटं मी सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणाचा हात बसत असेल तर मंगळवारी दुपारी तिथं जा. अंगठे घरी ठेवून जा म्हणजे झालं.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर घरातलं जमेल, मालीश नाही. म्हणून उज्ज्वलाताईंनी शंभर वर्षं जगावं असं नुसतं म्हणून मी मोकळी होत नाही. त्यांनी पुष्कळ जगावं, आणि जितकं जगतील तितकं स्वतःची वेणी स्वतःच्या हातांनी घालून जगावं. त्या हातांनी खूप केलं आहे. आता त्यांच्याकडून एवढंच मागूया.

राहिलं जेवणाचं. ऑपरेशननंतर तुम्ही डबे पाठवणार, मला ठाऊक आहे. भाकरी पाठवू नका, त्यांना तुकडा मोडता येणार नाही. लाडू नकोत, चिक्की तर नकोच. चमच्यानं खाता येईल असं द्या: मेतकूट-भात, साबुदाण्याची खिचडी, सांजा, नाहीतर दुधात कुस्करलेली पुरणपोळी, वर तूप सोडून. आणि डब्याचं झाकण सैल ठेवा.