काकूचं देवधान

काकू गेली, अन् आमच्या फाउंडेशनच्या रिपोर्टच्या कव्हरवर ती अजून हसून राहिली आहे.

मला त्या फोटोचा राग येतो. खूप राग येतो.

पार्बताकाकू साकोलीकडच्या एका गावातली, तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातली. त्या गावातलं फाउंडेशनचं काम मी पाहते.

तलाव खोल करायला पोकलेन आला, तेव्हा नारळ तिनंच फोडला. पाणी जास्त म्हणजे मासोळी जास्त. तिलाही तसंच वाटलं, आम्हालाही.

फोटो तेव्हाचा.

पोकलेननं उथळ काठही खरडून काढला. पार भिंतीसारखा सरळ.

त्या काठाच्या चिखलात देवधान यायचं. न नांगरता, न पेरता आपसूक उगवणारं धान. ऋषिपंचमीच्या उपासाला बायका त्याचाच भात खातात.

पुढच्या वर्षी तिथं फाउंडेशनचा बोर्ड दिसला, पण एक लोंबी दिसली नाही.

काकू माझ्यावरच भडकली. "काहून वं पोरी, पाणी देल्लं अन् काठ नेला? आता उपासाले काय खाऊ, तुमचा बोर्ड?"

मग आंधळगावाकडच्या माहेरून तिनं मूठभर देवधान आणलं. शिजवलं नाही. बियाण्यासाठी डब्यात ठेवलं, अन् उपास नुसत्या भाजीवर काढला.

"काठ उतरता करून द्या. मी टाकीन."

ऑफिसला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. उत्तर एकच: "मॅडम, तलाव कम्प्लीट झाला. यंदाची थीम ट्री प्लांटेशन आहे."

डोंबल कम्प्लीट! चिखलातलं धान फोटोत दिसत नाही, एवढंच खरं.

एकदा मोठे साहेब आले. काकू थेट त्यांच्यापुढे उभी.

"आजी, तुमच्या नावानं झाड लावू," साहेब म्हणाले.

"झाड नोको जी. मले माजा काठ वापस पायजे."

साहेब हसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी निघून गेली.

परवा काकू गेली. झोपेतच.

काल ऑफिसचा मेसेज आला. तळ्याच्या बांधावर तिच्या नावानं झाड लावा, बॅनर पाठवतोय. बॅनरवर तोच नारळाचा फोटो.

संध्याकाळी तिच्या सुनेनं माझ्या हातात डबा ठेवला.

"मॅडम, बुढीनं सांगतलं होतं. काठ झाला का मंग टाकजा."

मला तिच्याकडे बघवेना.

बॅनर मी लावणार नाही. नोकरी जाते तर जाऊ दे. सोमवारी हा डबा साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवणार आहे, अन् काठाचं उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.

काकू, तुला श्रद्धांजली आज वाहत नाही गं.

आधी तुझा काठ.