नवऱ्याचं नाव

सवत घरात आल्यावर माझ्या थोरल्या जावेनं चूल पेटवणं बंद केलं. तिचं वेड ते एवढंच. थोरल्या दिरानं तिला वेड्यांच्या इस्पितळात घालायचा अर्ज केला आणि शेळगावहून बैलगाडीत घालून इंदापूरच्या कचेरीत आणलं. सोबतीला मी होते.

इस्पितळात घालायचा हुकूम कचेरीतला मॅजिस्ट्रेट साहेब देई, त्याआधी डॉक्टरचा दाखला लागे. डॉक्टर परमुलखातला. त्यानं वार विचारला, तिनं सांगितला. राज्य कुणाचं? इंग्रजाचं, म्हणाली. मग त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिनं मान खाली घातली. नवरा शेजारीच उभा होता, त्याला सगळं ठाऊक होतं, पण मेला गप्प. डॉक्टरनं लिहून घेतलं: नवऱ्याचं नाव आठवत नाही.

मला राहवेना. मी तिच्या कानाशी लागले, "आक्का, नाव घ्या, न्हायतर नेत्यात तुमाला."

तिनं नाव घेतलं. मोठ्यानं, आडनावासकट.

सगळी कचेरी चपापली. दीर साहेबाकडं वळला, "बघा साहेब. शानी बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेती व्हय?"

साहेब मराठीच होता. त्याची बायकोही त्याचं नाव घेत नसणार. त्यानं सही केली.