सुतळीवरची खूण

टोमॅटो बांधायच्या सुतळीचा नवा बंडल सोडला की त्या वासाने माझा हात आजही कोपराकडे जातो. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे गाठ आली, तेव्हा टोमॅटोची तोडणी होती, मग कांदा; डॉक्टरकडे जाणे मी अकरा महिने लांबवले. दर महिन्याला मात्र सुतळीचा एकच तुकडा गाठीवर धरून गाठीच्या रुंदीची त्यावर शाईने खूण करायचो. अकराही खुणा एकाच जागी पडल्या, म्हणजे गाठ वाढली नव्हती, तरी भीती जात नव्हती. बायको म्हणाली, "मोजून गाठ जाती व्हय? चला, कळंबच्या फाट्यावर एसटी येईल." मंचरच्या दवाखान्यात स्पिरिटचा वास होता आणि माझा सदरा घामाने भिजलेला. डॉक्टरांनी सुतळी उजेडात धरली आणि विचारले, "वाढली न्हाई हे ठाऊक व्हतं, मग घाबरलात कशाला, राव?" "खुणा मीच केल्यात ना," मी म्हणालो, "मला हव्या तिथंच पडल्या असतील तर?" ते हसले नाहीत. गाठ बोटांनी नीट दाबून, हलवून पाहिली आणि म्हणाले, "चरबीची हाय. राहू द्या." घरी येताच बायकोने ती सुतळी टोमॅटोच्या एका झाडाला बांधून टाकली. गाठ अजून आहे. मी ती पुन्हा मोजलेली नाही.