गाठ वर असलेली लडी

सूत रंगवायच्या कारखान्यात रंगमास्तरांना सगळे अचूकराव म्हणत. गिऱ्हाइकानं कापडाची चिंधी पुढे टाकली, की ते नमुन्यांच्या पेटीतून नेमकी त्याच छटेची लडी उचलत. हाताखालचा कुणी चुकला, तर ओली लडी त्याच्या गालावर ओढायची आणि म्हणायचं, "जा, आरशात बघून सांग आता कुठला रंग ते." चुकलेला माणूस तोंड धुवायला पळे, बाकीचे खो खो हसत. अचूकराव हसत नसत. त्यांना त्यात गंमत वाटत नसे, समाधान वाटे.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे आंधळे नाही झाले. वाट दिसे, माणूस ओळखू येई. पण डोळ्यांमागची नस सुकत चालली होती आणि रंग उडत चालले होते. "लाल आणि हिरवं आधी जाईल," डॉक्टर म्हणाला होता, "इलाज नाही." हे घरात दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि त्यांच्या लेकीला. बायको वारली होती, आणि लेक कारखान्यातच नमुन्यांच्या खोलीत कामाला होती.

बापलेकीनं मग एक युक्ती काढली. प्रत्येक लडीला दोऱ्याची एक गाठ असते. पेटी लेकीनं उघडायची. ज्या लडीचा रंग जुळतो तिची गाठ वर आणि बाकी सगळ्यांच्या खाली. अचूकरावांनी लड्यांवरून सावकाश बोटं फिरवायची, मान तिरकी करायची, जरा "हं" म्हणायचं, आणि गाठ लागली की उचलायची. बघणाऱ्याला वाटे, काय हा हात! आताशा तर म्हातारा स्पर्शानं रंग ओळखतो.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना माल पोचवणारा ड्रायव्हर आपल्या मावशीला घेऊन लेकीला मागणी घालायला आला. माणूस निर्व्यसनी होता, दुसऱ्या गावी नोकरी लागलेली, लग्न करून तिकडेच जायचं म्हणत होता. लेक स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिच्या हातून गाळणी दोनदा निसटली.

अचूकरावांनी पाहुण्यांना बसवलं, विचारपूस केली, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही भली माणसं. फसवणार नाही तुम्हाला. पोरीला झटके येतात हो. लहानपणापासून. कधी पडेल, काय करून बसेल, तिचं तिला कळत नाही."

मावशीनं चहासुद्धा घेतला नाही. ड्रायव्हर दारात घुटमळला, पण मावशीनं दंडाला धरून त्याला खाली नेलं.

लेकीनं सगळं ऐकलं होतं. तिनं उरलेला चहा बापापुढे ठेवला.

"तुझ्याच भल्यासाठी," ते म्हणाले.

"गार होतोय, घ्या," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात ग्रहण आलं. थंडी मी म्हणत होती. पण चंद्र उगवून वर आला तोच कडेला काळा पडत, आणि कारखान्याच्या गच्चीवरून तो छान दिसत होता, म्हणून मालकीणबाईंनी पाळी सुटल्यावर सगळ्यांना वर बोलावलं. एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं सूत रंगवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही होतं. बॉयलरवाल्यानं पत्र्याच्या डब्यात निखारे आणून ठेवले होते. सगळे त्याभोवती हात चोळत, नाक ओढत, माना वर करून उभे होते.

चंद्र पुरता झाकला गेला आणि हळूहळू तांबूस झाला. "अरे वा! तापलेल्या तव्यासारखा," बॉयलरवाला म्हणाला. अचूकरावांना तिथे एक मळकट डाग दिसत होता.

"मला पडदे ह्याच रंगाचे हवेत," गिऱ्हाईक एकदम म्हणालं. "काढाल जुळवून?"

"आमचे अचूकराव काय काढणार नाहीत!" मालकीणबाई खूश झाल्या. "पोरी, पेटी आण गं वर."

लेक खाली गेली. तिला जरा वेळ लागला. अचूकराव निश्चिंत होते, मफलर सारखा करत त्यांनी गिऱ्हाइकाला ऐकवलं, "साहेब, रंग बघायला डोळे सगळ्यांनाच असतात. ओळखायला नजर लागते."

लेक आली. पेटी उघडून तिनं बापापुढे धरली. कुणीतरी बॅटरी लावली. अचूकरावांनी मान तिरकी करून वर पाहिलं, "हं" म्हटलं, लड्यांवरून बोटं फिरवली. गाठ लागली. त्यांनी लडी उचलून सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"हाच. काकणभर फरक निघाला तर नाव बदलीन."

सगळ्यांनी एकदा लडीकडे, एकदा चंद्राकडे पाहिलं. मग बॉयलरवाला फिस्सकन हसला आणि त्याच्यामागून गच्चीवरचे सगळे.

"मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या, "चेष्टा करताय ना? हा पोपटी आहे."

अचूकरावांचा हात वरच राहिला. त्यांनी लेकीकडे तोंड वळवलं. "काय... काय केलंस हे?"

"मी काय केलं, बाबा?" ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "मला झटके येतात ना. काय करून बसते माझं मला कळत नाही."

पूर्वी ज्याच्या गालावर लडी ओढली होती असा एकजण पुढे आला. त्यानं अचूकरावांच्या हातातली लडी काढून घेतली आणि त्यांच्या गालावरून सावकाश ओढली. "आरसा आणू का, अचूकराव?"

मालकीणबाईंनी त्याला मागे सारलं, पण रागावल्या नाहीत. "कधीपासून रंग दिसत नाहीत ह्यांना?" त्यांनी लेकीला विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"म्हणजे इतके दिवस रंग तू जुळवत होतीस?"

लेकीनं एकदा वर पाहिलं, पेटीतून तांबड्या-तपकिरी छटेची लडी काढून गिऱ्हाइकाच्या हातात दिली.

"उद्यापासून तूच बैस रंगमास्तरांच्या खुर्चीवर. मास्तर गठ्ठे बांधतील," मालकीणबाई म्हणाल्या.

"नको," लेक म्हणाली. "मी सकाळच्या गाडीनं जातेय. त्याच्या मावशीची समजूत घालायचीय मला."

लोक पुन्हा चंद्राकडे वळले. कडेनं पांढरं फुटू लागलं होतं. अचूकराव चाचपडत जिन्यापाशी आले. लोखंडी पायऱ्या दवानं निसरड्या झाल्या होत्या.

"हात दे गं," ते म्हणाले.

लेकीनं नमुन्यांची जड पेटी त्यांच्या दोन्ही हातांत दिली. "नीट धरा," ती म्हणाली, "कारखान्याची आहे," आणि त्यांच्या पुढून भराभर जिना उतरून गेली.