वन्संचं जुनं अडेनियम

नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी मी कैनाडला वन्संकडे निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांच्या शेजारणीचा फोन आला. "येताना भाऊंनाही घेऊन या," माझ्या नवऱ्याबद्दल एवढंच ती म्हणाली आणि मला काय ते कळलं. वन्सं झोपेतच गेल्या होत्या. त्याला आता दीड महिना झाला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. झरीला सरकारी दवाखान्यात त्या बरीच वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कैनाडच्या घराच्या ओट्याभोवती कुंड्या मांडल्या. आपल्याकडे पाऊस एवढा, आणि यांना हौस वाळवंटातल्या झाडांची! पावसाळाभर सगळ्या कुंड्या पत्र्याखाली. छाटणी फेब्रुवारीत. चाकू स्पिरिटनं पुसायचा, फांदीवर कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा, त्यावर हळद दाबायची आणि आठवडाभर पाण्याचा थेंब घालायचा नाही. यात कुणाची लुडबुड चालत नसे. माझी तर नाहीच.

२०१६ मध्ये साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेल्यात जमा झाली, तेव्हा चाकू माझ्याकडे आला. त्या खुर्चीत बसून सांगायच्या, मी कापायची. पुढच्या वर्षी एका रविवारी त्या आत आडव्या झाल्या होत्या, आणि मी सगळ्यांत जुन्या अडेनियमची, त्या फुगीर बुंध्याच्या वाळवंटी गुलाबाची, छाटणी परस्पर उरकली. सवयीनं वर तांब्याभर पाणीही ओतलं. पंधरा दिवसांत बुंधा कुजला. वन्संनी बी पेरून वाढवलेलं झाड होतं ते... मी घाबरले. चारोटीजवळच्या नर्सरीतून तेवढंच झाड आणलं, त्याच कुंडीत लावलं आणि गप्प बसले.

दोन महिने निभावलं. मग एकदा चहा घेऊन बाहेर आले, तर वन्सं त्या कुंडीपाशी बसून बुंध्यावरून बोटं फिरवत होत्या.

"मीना, हे झाड कुणाचं?"

"तुमचंच की."

"माझ्या झाडाला डाव्या अंगाला खाच होती. माझाच चाकू घसरला होता."

मग मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी बुंध्यावरचा हात काढून घेतला. म्हणाल्या, "झाडाचं वाईट वाटलंच. पण मला दिसत नाही म्हणून तू मला फसवलंस, ते जास्त लागलं."

पुढचे दोन रविवार मी गेलेच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. "पाऊस तोंडावर आलाय. कुंड्या आत घ्यायच्यात. येतेस ना?" गेले. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, नर्सरीचं झाडही ठेवून घेतलं. मी मात्र तेव्हापासून कुठली फांदी, किती कापतेय, ते आधी मोठ्यानं सांगायला लागले. त्यांनी तसं कधी मागितलं नव्हतं.

गेल्या रविवारी घराचं कुलूप काढून आम्ही दोघं छाटणीला बसलो. "मधली फांदी, वीतभर ठेवतेय," माझ्या तोंडून निघून गेलं. नवरा ओट्यावर बसला होता. तिथून म्हणाला, "ताई म्हणाली असती, अजून खाली घे."

मी चाकू दोन बोटं खाली आणला.