यान अजून वाटेतच आहे

भोकरदन तालुक्यातून आजवर अंतराळात कोणी जाऊन आलं असेल, तर ते फक्त माझे मोठे मामा. आपल्या गावाची, केदारखेड्याची हद्द ओलांडायची म्हटली की ज्यांना मळमळतं, एसटीत बसण्याआधी जे खिशात लिंबू ठेवतात, ते हे मामा गेली कित्येक वर्षं मनाने आकाशगंगेच्या पलीकडे राहतात आणि जेवायला तेवढे घरी येतात. मोसंबीच्या बागेत फवारणी करायची तर चारचौघांसारखा पाठीला पंप लावावा आणि मोकळं व्हावं, पण तसं नाही. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट असा सगळा जामानिमा करून ते झाडांच्या ओळींतून एकेक पाऊल असं तरंगत टाकायचे की एकदा बांधावरची शेजाऱ्यांची गाय दावं तोडून पळाली. "अरे, तिकडं माणसाला वजनच राहत न्हाई," असं त्यांनी मला समजावलं होतं. ट्रॅक्टर सुरू करताना दहापासून उलटे आकडे मोजल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा आणखी एक नियम. मध्येच कोणी रामराम घातला की पुन्हा दहापासून सुरुवात. पेरणीच्या दिवसांत शहाणी माणसं त्यांच्या ट्रॅक्टरला वळसा घालूनच जायची.

या वेडाचं मूळ टीव्हीवरच्या एका मालिकेत होतं. गावातला पहिला रंगीत टीव्ही मामांचा, त्यामुळे रविवारी सकाळी अर्धं गाव त्यांच्या बैठकीत. मालिका परदेशी, पण हिंदीत बोलणारी. घराची वाट चुकलेलं एक यान आणि त्यातली पृथ्वीवर परतायला निघालेली माणसं, एवढीच गोष्ट. पण गावाने ती आपलीच मानली होती. यानाच्या कॅप्टनला सगळे 'पाटील' म्हणत आणि काहीही विचारलं तरी आधी नाहीच म्हणणाऱ्या यंत्रमानवाला 'तलाठी'. पाटील संकटात सापडले की बायाबापड्यांचे हात जोडले जायचे. हे सगळं जिला कधीच दिसलं नाही अशी घरात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मामी. एवढ्या माणसांचा चहा करता करता तिचा रविवार चुलीपाशीच संपायचा. भिंतीपलीकडून ती विचारायची, "काय झालं हो? पोचले का ते?" आणि पडद्यावरची नजर न हलवता मामा ओरडायचे, "थांब ना जरा, बघून राह्यलो!" शेवटच्या भागाच्या दिवशी तर ओसरीतही पाय ठेवायला जागा नव्हती. लांबवर एक निळा ठिपका दिसला, पाटील खुर्चीतून उठले, आणि लाइट गेली. ती परत आली तेव्हा टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. टीव्ही मामांचा म्हणून अख्ख्या गावाने दोष मामांनाच दिला.

पुढे बऱ्याच वर्षांनी जालन्याला एका रद्दीच्या दुकानात मामांना एक पुस्तक सापडलं. त्याच मालिकेवरून लिहिलेली जाडजूड इंग्रजी कादंबरी, मुखपृष्ठावर साक्षात पाटील आणि तलाठी! मोसंबी विकायला गेलेले मामा ते पुस्तक छातीशी धरून परत आले. ते कॉलेजात शिकलेले, इंग्रजी चांगलं. दुसऱ्या कोणी ते एकट्याने वाचून संपवलं असतं. मामांनी श्रावणात त्याची पोथी लावली. पाटावर लाल रुमाल, रुमालावर कादंबरी, हातपाय धुऊन आल्याशिवाय कोणी बसायचं नाही. आधी इंग्रजी वाक्य खणखणीत आवाजात म्हणायचं, मग अर्थ सांगायचा. "इंग्रजी कशाला? सरळ मराठीतच सांगा की," असं कोणीतरी म्हणालं, तर मामा म्हणाले, "संस्कृत तरी कुठं कळतं तुला? कानावर पडलं पाहिजे." आणि या वेळी मामी पहिल्या रांगेत होती. चहा बंद, असं मामांनीच जाहीर केलं होतं. पाटलांचा इंधनसाठा संपला त्या दिवशी मामी जेवलीसुद्धा नाही.

समाप्तीला भंडारा ठेवला. वरण-बट्टीचा बेत, अख्ख्या गावाला आवतण, धावड्याहून मामीच्या माहेरचेही आले. पोथीचं शेवटचं पान आधी उघडायचं नसतं, तेव्हा मामांनीही ते उघडलं नव्हतं. ते पान त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं. पाटलांनी यानाचं तोंड वळवलं आणि यान पुढच्या ताऱ्याकडे निघालं. पुढे पान उलटलं तर इतर पुस्तकांच्या जाहिराती. ती कादंबरी मालिकेच्या मधल्याच कुठल्यातरी प्रवासाची होती, शेवट तिच्यात नव्हताच. मामांचा चेहरा पाहवत नव्हता. "मंडळी, शेवट न्हाई याच्यात," ते म्हणाले. मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग बट्ट्यांचं काय करायचं?" "बट्ट्या खा. यान वाटेतच हाय," मामा म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "पोचले का हो ते?" बट्ट्यांच्या धगीपाशी बसलेली मामी याही वेळी शेवटाला नव्हतीच.

ते मामांना फार लागलं. गाव चार दिवस हसलं आणि विसरलं, पण मामांनी त्या पुस्तकाचा रुमाल बांधला नाही. अर्धवट राहिलेली पोथी बांधायची नसते म्हणे. मला एकदा बागेत म्हणाले, "तिच्यासाठी लावल्ती रे मी ती पोथी. रविवारी ती चहात गुंतायची, अन् समाप्तीला बट्ट्यांत." एवढं बोलून ते मोसंबी तोडायला लागले. माणूस जन्मभर दूरवरचे तारे बघतो आणि त्याला घरातलं दिसत नाही असा माझा समज होता, तो त्या दिवशी मोडला.

यंदा दिवाळीत ती जुनी मालिका मला मोबाइलवर अख्खीच्या अख्खी सापडली. केदारखेड्याला जाऊन मी ती टीव्हीला जोडली आणि शेवटचा भाग लावला. मामा पुढे सरसावले, मग एकदम उठले. "तू बस इथं," ते मामीला म्हणाले, "चहा आज मी टाकतो." मामी हसली. "साखर कुठं हाय ते तरी माहीत हाय का तुम्हाला?" ते माहीत नव्हतंच. आतून डबे पडल्याचे, दूध उतू गेल्याचे आवाज येत राहिले. मामी मात्र जागची हलली नाही, पदर तोंडाशी धरून बघत राहिली. मध्येच भिंतीपलीकडून हाक आली, "काय झालं गं? पोचले का?" पडद्यावरची नजर न हलवता मामी म्हणाली, "थांबा ना जरा, बघून राह्यले!" मामा चहा घेऊन आले तेव्हा भाग संपला होता. मी म्हटलं, पुन्हा लावतो. तर म्हणाले, "न्हाई. आता ही सांगंल. बिलकुल घाई न्हाई."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मामा हातपाय धुतात आणि चटईवर मामीसमोर बसतात. मामी एकेक अध्याय सांगते. परवा मीही बसलो होतो. मालिकेच्या शेवटच्या भागात यान पहिल्या दहा मिनिटांतच पृथ्वीवर उतरतं, पाटील मातीला हात लावून कपाळाला लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मामीचं यान मात्र महिना झाला तरी उतरलेलं नाही. परवा ते एका अनोळखी ग्रहावर थांबलं होतं आणि तिथल्या एका बाईने पाटलांना भाकरी-ठेचा वाढला होता. मामा मान डोलावत होते. ते उठून पाणी प्यायला गेले तसं मी हळूच विचारलं, "मामी, शेवट सांगून टाक ना गं. इतकी वर्षं झाली त्यांना." पोथीच्या लाल रुमालाच्या घड्या नीट करत ती म्हणाली, "ते पोचले की हे उठून जातील रे बागेत. बसू दे थोडे दिवस जवळ."

मामा येऊन बसले, त्यांनी मांडी घातली. "मंग? पोचले का गं?"

"न्हाई हो," मामी म्हणाली. "अजून लई लांब हाय घर."